हुडहुडी

१

मनवा तांबे कामावर आली की आधी टाकीच्या खोलीत जायची आणि मग चहा घ्यायची. टाकीवरचं झाकण सरकवायचं, बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा आणि कळ दंडापर्यंत चढेस्तोवर थांबायचं. पाणी किती गार आहे ते भिंतीवरच्या यंत्रावर दिसायचंच. पण ज्या पाण्यात आपण माणसं उतरवतो ते निदान आपल्या हाताला तरी ठाऊक असावं, असं तिला वाटे. या सवयीचा तिला थोडा अभिमानही होता.

लालबागमध्ये एका बंद पडलेल्या गिरणीच्या कापसाच्या गोदामात हे संशोधन केंद्र थाटलं होतं. बाहेरून जुना काळा दगड, आतून पांढऱ्या फरश्या आणि काचा. टाकीची खोली सगळ्यात आत होती. तिला खिडकी नव्हती. एका बाजूला मोठी काच, काचेपलीकडे निरीक्षणाची खोली. तिथला दिवा बंद असला की काचेत आरशासारखं दिसायचं.

काम चांगलं होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला वेळेवर गार करता आलं तर त्याचा मेंदू वाचण्याची आशा असते. अडचण एवढीच, की शरीर गार व्हायला तयार नसतं. ते कुडकुडतं, दात वाजवतं, जिवाच्या आकांतानं ऊब पैदा करतं. केंद्राचे प्रमुख पुष्कर सर यांनी एक औषध तयार केलं होतं, ज्यानं हुडहुडी भरतच नसे. औषध घेतलेला माणूस बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडून शांत पडून राही, लग्नाचं जेवण जेवून सतरंजीवर आडवा झाल्यासारखा. त्यानं आधी गिळलेल्या एका छोट्या गोळीतून त्याच्या पोटातलं तापमान पडद्यावर उमटत राही. ते नेहमीच्या सदतीस अंशांवरून चौतिसावर आलं की माणसाला बाहेर काढायचं. त्याच्या खाली जायचं नाही. हा नियम मनवानंच मोठ्या अक्षरात छापून दारावर चिकटवला होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी टाकीत नायगावचा एक तरुण होता. प्रिती, केंद्राची तंत्रज्ञ, पडद्यासमोर बसली होती. मनवा टाकीपाशी उभी होती, आणि तिला दात वाजल्याचा आवाज आला.

कट कट कट कट. बारीक, भराभर, मधेच अडखळत. वाटीत फुटाणे हलवावेत तसा.

तिनं त्या तरुणाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं, जबडा सैल. पापण्या अर्धवट.

"प्रिती, दात कुणाचे वाजतायत?"

प्रितीनं मान उंचावून टाकीत पाहिलं आणि हसली. "ह्याचे? हा तर घोरायच्या बेतात आहे, मॅडम. पंप असेल ओ. मेंटेनन्सवाल्याला सांगून सांगून थकले मी."

मनवा वाकली आणि तिनं पंपाला कान लावला. पंप एकसुरी घुमत होता. आवाज पंपाचा नव्हता. तो टाकीच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूनं येत होता, आणि तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं.

तरुणाला बाहेर काढलं, गरम पांघरुणात गुंडाळलं, शेजारच्या खोलीत नेलं. टाकी रिकामी झाली. आवाज मात्र आणखी थोडा वेळ चालूच होता. मग तो विरळ होत गेला, दमलेल्या माणसाचा व्हावा तसा.

२

पंप बदलला. बर्फाचं यंत्रही तपासून घेतलं. मनवानं कानाच्या डॉक्टरला कान दाखवले, ते उत्तम निघाले. गोदामाच्या दगडी भिंतींत पाण्याचे जुने पाइप असतील, त्यात हवा अडकत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ती डॉक्टर होती, शास्त्र शिकलेली. आवाजाला कारण असतंच, फक्त ते सापडायला वेळ लागतो.

त्याच सुमारास दौलत गमरे केंद्रात आला.

मनवा भोईवाड्यातल्या चाळीत वाढली होती, आणि दौलत त्याच चाळीतला, तिच्याहून आठेक वर्षांनी लहान. तिचे वडील नाना आणि दौलतचे वडील एकाच गिरणीत होते. गिरणी गेल्यावर नाना वॉचमन झाले आणि दौलतच्या वडिलांनी टॅक्सी धरली. एका सकाळी जिन्यातच ते छाती धरून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दौलत तेव्हा नववीत होता. आता तो एका जिममध्ये मुलांना व्यायाम शिकवायचा.

केंद्राला धडधाकट, तरुण माणसं हवी होती. मनवा आपल्याच चाळीत गेली होती. गॅलरीत खुर्ची टाकून बसली, चहा घेतला, आणि सांगितलं की थोडा वेळ गार पाण्यात पडायचं आहे, बाकी काही नाही. दौलतला ती वेगळं बोलली होती. "तुझ्या बाबांसारखी माणसं वाचतील यानं." ते खोटं नव्हतं. पण ते वाक्य कुठल्या क्षणी बोलायचं, हे तिनं चाळीच्या जिन्यातच ठरवून ठेवलं होतं.

दौलतची आई जाईबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सह्यांचे कागद तिच्यापुढे धरले, तर तिनं ते हातानंच बाजूला सारले.

"त्यातलं काय कळणार मला, बाय? तू असशील ना तिथं?"

"मीच असणार, मावशी."

"मग झालं."

३

दर वर्षी नव्या संशोधकांसाठी नीतिमत्तेचा एक तास होई. विषय ठरलेला: दुसऱ्या महायुद्धात नाझी छावण्यांमधल्या डॉक्टरांनी कैद्यांवर केलेले प्रयोग. दर वर्षी पुष्कर सर स्वतः बोलत. या वर्षी त्यांनी मनवाला बोलावलं, स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. सर कुणालाच कधी हुकूम देत नसत.

"यंदा तू बोल. आणि असं कर, त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत असतं. का केलं, त्यावर बोल."

मनवा दादरच्या वाचनालयात जाऊन बसायला लागली. काही संध्याकाळी तिनं भराभर वाचून काढलं. राक्षस भेटतील या तयारीनं ती गेली होती, आणि तिला डॉक्टर भेटले. त्यांना बायका होत्या, बढत्या हव्या होत्या, सहकाऱ्यांचा मत्सर होता. एका छावणीत बर्फाच्या पाण्याच्या टाक्या होत्या. समुद्रात पडणारे वैमानिक गारठून मरतात, त्यांना कसं वाचवायचं हा प्रश्न होता. म्हणून कैद्यांना टाकीत उतरवायचं आणि बघत बसायचं. शुद्ध केव्हा जाते. हृदय केव्हा अडखळतं. पुन्हा ऊब कशी द्यायची. किती जणांना ती देता आली नाही.

गारठ्याचे असे प्रयोग झाले होते हे मनवाला शिकतानाच कळलं होतं. तेव्हा तिनं ती पानं पटकन उलटली होती.

आता तिनं कारणं गोळा केली. कुणाला कैदी माणसंच वाटत नव्हती. कुणाला प्राध्यापक व्हायचं होतं. कुणाला वरच्यांची मर्जी हवी होती, कुणाला त्यांची भीती होती. युद्ध चालू आहे, आपले लोक वाचतील, असं काहींनी म्हटलं. काहींनी म्हटलं, हे मरणारच होते, निदान कामाला आले. आणि विचारायला कुणी येणार नाही अशी शरीरं तिथे हवी तितकी मिळत होती. हे सगळं खरंच असणार. तरी वाचताना मनवाला राहून राहून वाटे की या सगळ्या कारणांच्या तळाशी आणखी एक कारण आहे, अगदी साधं, आणि ते युद्धानंतरच्या खटल्यात कुणीच बोललेलं नाही.

भाषण चांगलं झालं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. शेवटी तिनं त्या खटल्यात एका साक्षीदारानं सांगितलेली गोष्ट ऐकवली. दोन रशियन कैदी एकाच टाकीत होते. फार वेळ होते. आता सुटका नाही हे कळल्यावर त्यांनी पाण्यातच हात मिळवले आणि एकमेकांचा निरोप घेतला.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी तिच्यापाशी आली. डोळे चमकत होते.

"मॅडम, तुम्ही सगळं 'आम्ही' म्हणून सांगितलंत ना, ते खूप भारी होतं. अंगावर काटा आला."

"आम्ही?"

"हो ना. 'आम्ही त्यांना पाण्यात उतरवलं. आम्ही वाट बघितली.' म्हणजे डॉक्टर म्हणून आपण सगळेच जबाबदार, असं ना?"

मनवा हसली. "हो, तसंच."

विद्यार्थिनीनं भाषण फोनवर घेतलं होतं. तिनं ते हौसेनं ऐकवलं. मनवाचाच आवाज होता, स्पष्ट, शांत, जराही न अडखळणारा. दुसऱ्या दिवशीचं काम समजावून द्यावं तसा. आम्ही त्यांना उतरवलं. आम्ही वाट बघितली. त्यातलं एकही 'आम्ही' बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

४

दौलत दोनदा टाकीत उतरला. दोन्ही वेळा चौतिसावर त्याला बाहेर काढलं. असा माणूस केंद्राला आजवर मिळाला नव्हता. पडद्यावर त्याची रेघ उतरत जायची ती पतंगाचा मांजा सोडावा तशी, कुठे झटका नाही, कुठे गाठ नाही. पुष्कर सर काचेपलीकडून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्याची रेघ चौतिसाच्या खाली कशी जात असेल, नाही?" आणि नंतर लगेच, "अर्थात, आपल्याला तिथे जायचं नाहीये."

"नाही, सर," मनवा म्हणाली.

"बरोबर. तुझा निर्णय."

दौलत पांघरुणात गुंडाळून गरम दूध पीत बसला होता. ओठ निळसर होते, पण चेहरा खुशीत. "ताई, मस्त वाटतं यार. काहीच वाटत नाही. फक्त एकच आहे, तो बाजूचा पंखा बंद करत जा ना. कटकट करतो."

"टाकीच्या खोलीत पंखा नाहीये, दौलत."

"मग काय वाजतं?"

मनवानं प्रितीकडे पाहिलं. प्रिती खाली मान घालून तारा गुंडाळत होती. ती वर बघायला तयार नव्हती, त्यावरून मनवाला कळलं की आवाज तिलाही येतो, बऱ्याच दिवसांपासून येतो.

ती एकटीच टाकीच्या खोलीत परत गेली. पाण्याकडे नुसती बघत उभी राहिली, आणि काहीतरी चुकतंय हे आधी जाणवलं, काय चुकतंय ते मागाहून कळलं. माणूस टाकीत उतरला की पाणी वर चढतं. तो बाहेर आला की टाकीच्या कडेला ओली पट्टी दिसते आणि पाणी तिच्याखाली उतरलेलं असतं. दौलत बाहेर येऊन बराच वेळ झाला होता. पाणी काठोकाठ होतं, अजून कुणी आत असावं तसं.

पाणी भरायचा नळ चालू राहिला असेल. तिनं पाहिलं. नळ बंद होता, तोटी कोरडी.

तिनं सवयीप्रमाणे बाही वर केली. मग हात पाण्यात न घालता ती बाही परत खाली ओढून बाहेर आली. त्या दिवसानंतर पाण्यात हात घालायचं तिनं सोडून दिलं. याचं कारण मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

५

तिसऱ्या वेळी पुष्कर सर काचेपलीकडे नव्हते. कुठल्याशा बैठकीला गेले होते. निरीक्षणाच्या खोलीत अंधार होता. टाकीपाशी मनवा, पडद्यापाशी प्रिती, आणि पाण्यात दौलत.

आवाज सुरुवातीपासूनच होता, आणि आज तो एकाचा नव्हता. भिंतीच्या बाजूनं, टाकीच्या खालून, दारामागून दात वाजत होते, प्रत्येकाची लय वेगळी. मनवानं तो ऐकला आणि बाजूला सारला, रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज आपण सारतो तसा. तिचे डोळे पडद्यावरच्या रेघेवर होते.

रेघ चौतिसावर आली.

"मॅडम, चौतीस," प्रिती म्हणाली.

रेघ चौतिसाच्या खाली सरकली.

"मॅडम? काढायचं ना?"

"नाडी कशी आहे?"

"चांगली आहे. पण चौतीस..."

"अजून थोडं बघू."

ती हे शब्द बोलली तेव्हा तिच्या मनात ना दौलतचे वडील होते, ना जिन्यात मरणारी माणसं. बढती नव्हती, सरांची मर्जी नव्हती. त्यातलं काहीही असतं तर पुढे तिला स्वतःला समजावता आलं असतं. रेघ इतकी सरळ उतरत होती, आणि ती पुढे कुठे वळते हे आजवर कुणीच बघितलं नव्हतं. तिला बघायचं होतं. एवढंच होतं.

प्रिती मधेच उठून उभी राहिली. "मॅडम, मी काढते ह्याला. मला नाही बघवत."

"बस खाली, प्रिती. तो शांत आहे. बघ ना त्याच्याकडे."

दौलत खरंच शांत होता. चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. मग त्याचा उजवा हात पाण्यातून वर आला. संथपणे, कोपरात वाकून तो पुढे गेला, टाकीच्या दुसऱ्या टोकाकडे, आणि बोटं मिटली. हात हलला. एकदा वर, एकदा खाली. पलीकडून कुणी हात घट्ट धरला की आपला हात जसा हलतो, तसा.

"येतो हां," दौलत म्हणाला. समोर बघून, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं.

मनवा टाकीवर वाकली होती. तिची नजर समोरच्या काळ्या काचेवर गेली. काचेत टाकी दिसत होती, दौलतचं डोकं दिसत होतं, आणि टाकीवर वाकलेले पांढरे कोट. एक तिचा. बाकीचे कुणाचे ते दिसत नव्हतं, कारण सगळ्यांचे चेहरे खाली पाण्याकडे होते, मन लावून. प्रिती तर मागे दूर, पडद्यापाशी होती. त्यांच्यातला सगळ्यात जवळचा एक जण, मान वर न करता, किंचित बाजूला सरकला. बाकावर उशिरा आलेल्याला आपण जागा करून देतो ना, तेवढाच.

आणि मनवाला जाणवलं की ती अर्धं पाऊल पुढे सरकली आहे, त्या मोकळ्या झालेल्या जागेत.

"मॅडम! नाडी!"

दात वाजायचे थांबले. सगळे एकदम. खोलीत पडद्याच्या यंत्राची किंचाळी तेवढी उरली. प्रितीनंच दौलतच्या काखेत हात घातले आणि ती रडत रडत त्याला ओढायला लागली, तेव्हा कुठे मनवाचे हात हलले. पडद्यावर एकतीस होतं. त्याला फरशीवर घेतलं तरी आकडा उतरतच राहिला, कारण गारठा आत शिरला की माणूस पाण्याबाहेर आला तरी तो आतल्या आत उतरत राहतो. दौलतच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मनवा जोर देत राहिली. त्याची छाती टाकीच्या कडेसारखी गार होती.

६

दौलत वाचला. हृदय दोनदा थांबलं आणि दोनदा परत सुरू झालं. हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागातून तो महिन्याभरानं घरी गेला.

पुष्कर सर मनवाला भेटायला स्वतः तिच्या घरी आले. पाण्याचा पेला हातात धरून बसले. "पडदा मधेच अडकला होता, असं प्रिती सांगेल. मी तिच्याशी बोलतो. तू फक्त नाही म्हणू नकोस. मनवा, आपला हेतू चांगला होता. तो विसरू नको."

"कुठला हेतू, सर?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. तिनं तो प्रश्न वाद घालायला विचारला असं त्यांनी धरलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

चौकशी समितीपुढे तिनं सांगून टाकलं. "उशीर का झाला?" असं एका सदस्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उशीर झाला नाही. प्रितीनं वेळेवर सांगितलं होतं. मी थांबवलं नाही." आवाजाचं आणि काचेचं ती बोलली नाही. ते सांगितलं असतं तर त्यांनी तिला आजारी ठरवून माफ केलं असतं, अशी तिला भीती वाटली. प्रयोग बंद झाला. तिचं काम गेलं, परवान्याची चौकशी सुरू झाली. सर काही दिवसांनी दुसऱ्या शहरात रुजू झाल्याचं कळलं.

केंद्रातलं सामान न्यायला ती एकदाच परत गेली. टाकी रिकामी, कोरडी होती. ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली. काहीच वाजत नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कुडकुडणारा माणूस दोनच कारणांनी थांबतो, एक तर त्याला ऊब मिळते किंवा तो कुडकुडण्याच्या पलीकडे जातो, आणि त्या खोलीत कुणी कुणाला ऊब दिलेली तिला आठवत नव्हती.

बाहेर पडताना तिनं प्रितीला विचारलं, "त्या दिवशीची रेघ आहे का?"

प्रितीनं पडदा सुरू करून दिला आणि ती खोलीबाहेर गेली. मनवानं पाहिलं. चौतिसाच्या खाली रेघ आणखी मऊ होत गेली होती आणि शेवटी एका वळणावर ती अशी कलली होती की तसं वळण आजवर कुठे छापलं गेलं नव्हतं. ती सुंदर होती. मनवानं पडदा बंद केला.

७

चाळीत जायला तिला खूप दिवस लागले. गेली ती दुपारची. जिन्यात, गॅलरीत जे भेटले ते बाजूला झाले. कुणी वाईट बोललं नाही. कुणी "कशी आहेस?" असंही म्हटलं नाही.

खोलीत पंखा बंद होता. एवढ्या उकाड्यात दौलत भिंतीला टेकून दोन गोधड्या पांघरून बसला होता. जाईबाई त्याला चमच्यानं पेज भरवत होती. त्याची बोटं अजून वळत नव्हती. शर्टाची बटणं जाईबाईच लावून देते, हे मनवाला नानांकडून कळलं होतं.

"ये," जाईबाई म्हणाली. "बस."

मनवा जमिनीवर बसली. जाईबाईनं वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"विहारात तुझा फोटो आहे ना, डॉक्टर झालीस तेव्हा लावलेला. परवा पोरं काढायला निघाली होती. मी गेले. म्हटलं, हात लावू नका. तिनं काय मुद्दाम केलं? मशीनची चूक होते, माणसाची होते. आपल्यातली एक पोर तिथवर पोचली, तिला तुम्हीच खाली ओढता?"

मनवाला वाटलं होतं जाईबाई शिव्या देईल. तिनं त्याची तयारी केली होती. याची तयारी नव्हती.

"मावशी, चूक नव्हती ती."

"म्हणजे?"

"मला थांबवता आलं असतं. प्रिती सांगत होती, काढा म्हणून. मी काढलं नाही."

जाईबाई तिच्याकडे बघत राहिली. "का गं?"

"मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"पुढे काय होतं ते."

बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज जिन्यापर्यंत गेला आणि थांबला. जाईबाईनं पेजेची वाटी उचलली, तिच्यात पाहिलं, परत ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. एखाद्या परक्या गावच्या बाईनं न कळणाऱ्या भाषेत काही विचारावं, तशी ती गोंधळल्यासारखी दिसत होती.

"ताई," दौलत म्हणाला. त्याचे शब्द आता एकेक करून येत, ओले, जड. "आईचं... मनावर घेऊ नको. मी चांगला पडलो होतो ना? हललो नाही ना?"

"नाही रे. हलला नाहीस."

"बरा झालो की... परत बसेन मी. तुझं अर्धं राहिलं ना? बाबांसारखी माणसं... पूर्ण करू आपण. ह्या वेळी नीट."

मनवाला नाही म्हणायचं होतं. ती नाही म्हणणारच होती, शब्द ओठांवर होता. पण त्याच्या आधी, शब्द आणि ओठ यांच्यामधल्या एवढ्याशा फटीत, तिची नजर दौलतच्या गळ्यावरून, गोधडीबाहेर आलेल्या खांद्यांवरून फिरली. किती बारीक झालाय. अंगावर चरबी उरली नाही. आता ह्याचं तापमान लवकर उतरेल. औषध कमी लागेल. वळणाच्या पुढे काय आहे ते दिसेल.

"नाही, दौलत," ती म्हणाली. "आता कधीच नाही."

आवाज बरोबर होता. शब्दही बरोबर होते. पण जाईबाई शब्द ऐकत नव्हती. ती मनवाच्या डोळ्यांकडे बघत होती, ते कुठे गेले होते आणि तिथे किती वेळ थांबले होते ते.

जाईबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत ती दोघांच्या मध्ये आली आणि मुलाकडे पाठ करून, मनवाकडे तोंड करून, भिंतीसारखी खाली बसली.